वाचक विचारतात : दोन तासांत ऑडिट, पोहे धरून

मागच्या अंकात मी सोसायटीच्या हिशोबांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात म्हटलं होतं की ऑडिट रिपोर्ट हा काही चारित्र्याचा दाखला नव्हे. त्यावरून एवढे मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकतेय. मी स्वतः सीए, पुढे ऑडिटवरच पीएचडी केली आणि वीसेक वर्षं शिकवलं, त्यामुळे धंदा करणारे आणि धंद्यावर संशोधन करणारे दोन्हीकडचं थोडं थोडं माहितीय, आणि दोघं एकमेकांचं काही वाचत नाहीत हेही माहितीय. पत्रं जरा कापलीत, नावं काढलीत.

प्रश्न : मॅडम, धायरीला आमची ९६ फ्लॅटची सोसायटी आहे, मी दोन वर्षं खजिनदार आहे (कुणी उभंच राहत नव्हतं म्हणून). ऑडिटर साहेब जूनमधल्या एखाद्या रविवारी येतात, म्हणतात दोन-चार फायली काढून द्या, मी देतो, ते वीस-पंचवीस व्हाउचर बघतात, टिक मारतात, चहा-पोहे होतात, दोन तासांत सगळं आटोपतं. पावत्या धरून आमची वर्षाला दोनेक हजार व्हाउचर होतात. याला ऑडिट म्हणायचं का? मी काही खाल्लेलं नाही, पण खाल्लं असतं तर यांना कळलं असतं का?

उत्तर : एजीएमला लोक रंगावरून भांडतात, हे कुणी विचारत नाही, म्हणून तुमचं पत्र पहिलं घेतलं.

आधी एक सांगते, सगळी व्हाउचर कुठलाच ऑडिटर बघत नाही, टाटांच्या कंपनीतही नाही आणि धायरीतही नाही. सॅम्पल काढायचं असतं, त्याचं ऑडिटरांनी पाळायचं स्टँडर्ड आहे, एसए ५३०. आता गणित बघा. दोन हजारांपैकी १०० व्हाउचरमध्ये गडबड आहे असं धरू, म्हणजे ५ टक्के. चिठ्ठ्या टाकून २५ काढली तर शंभरातल्या साधारण २७ वेळा गडबडीचं एकही हाताला लागणार नाही, सगळं छान दिसेल. तेच ६० काढली तर अशी फसगत शंभरातून ४-५ वेळाच होईल. म्हणजे पंचवीसवरून साठवर जायला फार तर अजून एक तास आणि पोह्यांची एक प्लेट लागते, पण फरक केवढा पडतो बघा. मात्र गडबड शंभर ठिकाणी नसून एकाच ठिकाणी असेल, समजा पेंटिंगचं चार लाखांचं एकच खोटं बिल, तर ६० काढूनही ते सापडायची शक्यता ३ टक्केच. त्यासाठी जाणकार लोक रुपयावर सॅम्पल काढतात. म्हणजे व्हाउचरला नंबर द्यायचा नाही, खर्चाच्या प्रत्येक रुपयाला नंबर आहे असं समजायचं आणि दर पन्नास हजाराव्या रुपयावर बोट ठेवायचं, तो रुपया ज्या व्हाउचरमध्ये बसलाय ते उघडायचं. मग चार लाखांचं बिल सुटूच शकत नाही आणि खराट्याचं बिल बहुतेक वेळा सुटतं, जे बरोबरच आहे.

पण खरं सांगू का, तुमच्या पत्रात मला 'पंचवीस' खटकलं नाही, 'काढून द्या, मी देतो' हे खटकलं. वरचं सगळं गणित चिठ्ठ्या टाकून काढलंय असं धरून आहे. ज्याचा हिशोब तपासायचा त्यानेच पेपर निवडून द्यायचा म्हटल्यावर साठ काय आणि सहाशे काय. पुढच्या वर्षी तुम्हीच म्हणा, साहेब नंबर तुम्ही सांगा, मी काढतो. वाईट वाटणार नाही त्यांना. वाटलं तर तेही कळेल.

दुसरं म्हणजे व्हाउचर बघणं म्हणजे टोटल बघणं नव्हे. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत (कोथरूडकडची, एवढंच सांगते) टाकी धुणाऱ्याची तीन बिलं होती, एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबर. रक्कम ठीक, सही ठीक, स्टॅम्पसुद्धा ठीक. बिल नंबर ४१, ४२, ४३. आता जो माणूस अख्ख्या एरियात टाक्या धुतो त्याने आठ महिन्यांत दुसऱ्या कुणाला बिलच दिलं नाही? बिलबुक सेक्रेटरींच्या घरातच होतं. ही गोष्ट एकेक बिल सुटं बघून कधीच दिसली नसती, तिन्ही शेजारी ठेवल्यावर पाच सेकंदांत दिसली, आणि दिसली ती ऑडिटरला नाही, नवीन आलेल्या एका कमिटी मेंबर बाईंना, ज्या पोस्टात नोकरी करून रिटायर झाल्यात.

आणि तिसरं, जे पुस्तकात आलंच नाही ते पुस्तकातून काढलेल्या सॅम्पलमध्ये कसं येणार, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून. गच्चीचं भाडं, भंगाराचे पैसे, भाडेकरू शिफ्ट होताना घेतलेले हजार-दोन हजार, हे रोखीने येतं आणि पावती फाडलीच नाही तर संपलं. त्यासाठी उलटीकडून यायचं. गेटवरच्या वॉचमनचं रजिस्टर घ्या, वर्षात सामानाचे टेम्पो किती आले ते मोजा आणि मग त्यातल्या कितींची पावती आहे ते बघा. हे तुम्ही आत्ता या रविवारी करू शकता, सीए लागत नाही.

एफडीचंही सांगून टाकते. पावतीची झेरॉक्स फाइलला लावलेली बघून टिक मारतात, ते चूक. बँकेकडून ऑडिटरच्या नावाने थेट पत्र यायला हवं, मध्ये सोसायटीचा कुणी माणूस नको. तुम्ही म्हणाल केवढा संशय, पण 'सत्यम' या आयटी कंपनीत २००९ च्या जानेवारीत जे फुटलं त्यात रोख आणि बँक शिल्लक सुमारे ५,०४० कोटींनी फुगवलेली होती, आणि पुढे २०११ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, एसईसीने, ऑडिट फर्मवर कारवाई करताना ठपका ठेवला तो याचसाठी, की बँकांना कन्फर्मेशनची पत्रं ऑडिटरने स्वतः न पाठवता कंपनीच्या हातात सोपवली होती. एवढी मोठी फर्म आणि चूक तुमच्या एफडीच्या झेरॉक्सएवढीच.

राज्याच्या सहकार कायद्याने ऑडिटर सरकारमान्य पॅनलवरचा हवा, तो जनरल बॉडीने नेमायचा आणि सलग तीन वर्षांच्या वर तोच ठेवता येत नाही. तुमचे हे कितवं वर्ष करतायत ते बघून ठेवा.

प्रश्न : ताई, मी आर्टिकल आहे, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकाऊ, दुसरं वर्ष चालूय, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो. भोसरीच्या एका क्लायंटचं एका पार्टीकडून ११ लाखांचं येणं आठ महिने हललेलं नव्हतं, म्हणून मी बॅलन्स कन्फर्मेशन (एवढं देणं आहे असं पार्टीचं लेखी पत्र) मागितलं, त्यात तीन दिवस गेले, शेवटी पार्टीने कन्फर्म केलं, सगळं बरोबर निघालं. सिनिअर सगळ्यांसमोर म्हणाले टाइमपास केलास. पुढच्या वेळी गप्प बसू का? आणि 'जजमेंट' म्हणतात ते येतं कुठून, आम्हाला तर मागच्या वर्षीची फाइल कॉपी करून तारखा बदलायला सांगतात.

उत्तर : गप्प बसू नकोस. आणि तुझ्या सिनिअरवर फार रागावूही नकोस, कारण तो जे वागला त्याच्यावर रीतसर संशोधन झालंय. अमेरिकेत जोसेफ ब्राझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये छापलेला प्रयोग आहे. ज्युनिअरने शंका घेतली, वेळ जास्त गेला, दोन्हीकडे शंका तितकीच रास्त, एका ठिकाणी चूक सापडली आणि एका ठिकाणी नाही. वरच्या लोकांना मार्क द्यायला सांगितलं. ज्याला काही सापडलं नाही त्याला कमी मार्क. म्हणजे शंका बरोबर होती का हे बघत नाहीत, लॉटरी लागली का ते बघतात. दरवाजाला कुलूप लावलं आणि चोर आला नाही तर कुलूप फुकट गेलं म्हणायचं, तसं. आणि हे दोन-चार वेळा झालं की ज्युनिअर शहाणा होतो आणि विचारायचंच बंद करतो, तुझ्या पत्रात तू त्याच उंबऱ्यावर उभा आहेस.

म्हणून पुढच्या वेळी कन्फर्मेशन मागायच्या आधी वर्किंग पेपरमध्ये (तपासणीच्या आपल्या नोंदींत) दोन ओळी लिही, का मागतोय, आठ महिने हालचाल नाही, रक्कम किती, आणि हे सिनिअरला आधी दाखव. नंतर काही निघो न निघो, कारण आधी लिहिलेलं असलं की भांडण निम्मं होतं.

मागच्या वर्षीच्या फाइलीबद्दल. एडवर्ड जॉइस आणि गॅरी बिडल यांनी १९८१ मध्ये ऑडिटरांनाच एक प्रश्न विचारला होता, हजार कंपन्यांत वरच्या लोकांचा मोठा घोटाळा किती कंपन्यांत असेल? एका गटाला आधी विचारलं 'दहापेक्षा जास्त का?' आणि दुसऱ्या गटाला 'दोनशेपेक्षा जास्त का?' मग आपापला आकडा सांगा म्हटलं. पहिल्या गटाची सरासरी आली सुमारे साडेसोळा, दुसऱ्याची त्रेचाळीस. लोक त्याच धंद्यातले, फक्त आधी कानावर पडलेला आकडा वेगळा. आता मागच्या वर्षीचा आकडा उघडा ठेवून तू या वर्षीचा तपासायला बसलास तर काय होणार सांग. मी मुलांना एकच सवय लावायचे, क्लायंटचा आकडा उघडायच्या आधी आपला अंदाज पेन्सिलने मार्जिनमध्ये लिहायचा. पगार एवढे कामगार गुणिले एवढे महिने, वीजबिल एवढं. मग उघडायचं. अंदाज चुकला तरी चालतो, का चुकला ते शोधताना माल सापडतो.

तसं ऑडिटर लोक अगदीच वाऱ्यावर नसतात हं. रॉबर्ट अ‍ॅश्टन यांनी १९७४ मध्ये ६३ ऑडिटरांना पगाराच्या कंट्रोलची (गडबड होऊ नये म्हणून ऑफिसने घातलेल्या आतल्या बंधनांची) तीच ती ३२ उदाहरणं दिली होती तर त्यांची मतं बऱ्यापैकी जुळली, आणि सगळ्यात जास्त वजन सगळ्यांनी एकाच गोष्टीला दिलं, की पगार काढणारा आणि वाटणारा माणूस वेगळा आहे का. आपल्याकडे लहान ऑफिसात तो एकच असतो, आणि वर मालकाचा मेहुणा असतो.

आता माझीच गोष्ट सांगते. आर्टिकलशिपचं पहिलं वर्ष, ३१ मार्च, मार्केट यार्डात भुसार बाजारातल्या एका गोदामात स्टॉक मोजायला पाठवलं होतं. गुळाच्या ढेपा, गोणपाटात शिवलेल्या, छतापर्यंत थप्पी. मी लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची केलं, कागदाशी ढेपेगणिक जुळलं, मुंगळे चावत होते आणि मला घरी जायचं होतं. सही करणार तेवढ्यात तिथला हमाल म्हणाला, ताई वरून बघितलं का? शिडी लावून वर चढले तर थप्पीच्या मधोमध विहीर. चारी बाजूंनी एकेक ओळ ढेपांची आणि आत नुसता अंधार. मालक म्हणाले हवा खेळती राहावी म्हणून ठेवलंय.

आता तुला वाटेल मी हिरो झाले. ऑफिसात येऊन सांगितलं, सरांनी ऐकून घेतलं, 'बरं बघतो' म्हणाले. रिपोर्टमध्ये त्यातलं एक अक्षर आलं नाही. पुढच्या वर्षीही ऑडिटर आम्हीच होतो.

लिंडा डिअँजेलो या बाईंनी १९८१ मध्ये ऑडिटच्या दर्जाची जी व्याख्या मांडली ती आजही सगळे वापरतात, दोनच तुकडे आहेत, चूक ऑडिटरला सापडण्याची शक्यता आणि सापडलेली त्याने बाहेर सांगण्याची शक्यता, दोन्ही मिळून. मला ती पहिल्यांदा वाचताना व्याख्या वाटलीच नाही, तो गूळच आठवला. तुम्हा मुलांना परीक्षेत पहिला तुकडा विचारतात. दुसरा कुणी शिकवत नाही.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. वय ७८, सदाशिव पेठ. आमच्या हिच्या आणि माझ्या ठेवी सहकारी बँकांत आहेत. दरवर्षी अहवाल घरी येतो, त्यात ऑडिटरांचं पत्र असतं, सगळं योग्य आहे म्हणून. तरी बँका बुडतातच. मग हे ऑडिटर लोक करतात तरी काय? यांच्यावर गुन्हा का नको?

उत्तर : काका, नमस्कार. तुमचा राग रास्त आहे, पण गुन्ह्याच्या आधी ऑडिटरने कबूल काय केलंय ते बघू. १८९६ मध्ये इंग्लंडच्या कोर्टात किंग्स्टन कॉटन मिलचा खटला झाला, मॅनेजरने स्टॉक फुगवून लिहून दिला, ऑडिटरने त्याचा दाखला खरा मानला. न्यायमूर्ती लोप्स म्हणाले की ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नाही, आणि ऑडिटर सुटले. त्या वाक्याला सव्वाशे वर्षं उलटून गेली, आमचे लोक अजून त्याच्यावर जगतात. मधे १९३८ मध्ये अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स नावाच्या औषध कंपनीत जवळपास २ कोटी डॉलरचा माल आणि येणी हवेतलीच निघाली, त्यानंतर कुठे स्टॉक स्वतः उभं राहून बघायचा आणि देणेकऱ्यांना पत्र पाठवायचं हे तिकडे पक्कं झालं. आजच्या स्टँडर्डमध्येही ऑडिटर 'वाजवी' खात्री देतो, पूर्ण नाही. रिपोर्टमध्ये ते लिहिलेलं असतं, बारीक टाइपात.

आणि घोटाळा पकडतं कोण? सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्सची जी जागतिक संघटना आहे, एसीएफई, तिच्या २०२४ च्या अहवालात ४३ टक्के प्रकरणं कुणीतरी आतली-बाहेरची टीप दिल्यामुळे उघडी पडली, बाहेरच्या ऑडिटरने पकडलेली ३ टक्के. म्हणजे आमच्यापेक्षा तो मार्केट यार्डचा हमाल बरा.

पीएमसी बँकेचं तुम्हाला आठवत असेल, सप्टेंबर २०१९. एकाच बांधकाम समूहाला दिलेलं सुमारे साडेसहा हजार कोटींचं कर्ज झाकायला २१ हजारांवर खोटी खाती दाखवली होती. त्या वेळच्या एमडींनी रिझर्व्ह बँकेला जे पत्र लिहिलं त्यात एक वाक्य असं होतं की वेळ कमी असल्यामुळे ऑडिटर फक्त वाढीव कर्जं तपासायचे, सगळी खाती नाही. आता हे ज्याच्यावर आरोप त्याचंच म्हणणं, तेव्हा जपूनच घ्यायचं, पण यात धंद्यातल्या माणसाला पटकन ओळखू येईल अशी एक गोष्ट आहे. सॅम्पल कुठून काढतात हे क्लायंटला माहीत असेल तर तो घाण बरोबर दुसऱ्या खोलीत ठेवतो.

तुमच्यापुरतं सांगायचं तर अहवालात ऑडिटरचं पत्र शेवटी वाचा, आधी निव्वळ एनपीए (थकलेली कर्जं) आणि भांडवल पर्याप्तता (नुकसान सोसायला बँकेचं स्वतःचं भांडवल किती) हे दोन आकडे मागच्या तीन वर्षांचे शेजारी शेजारी लिहा. आणि ठेव विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे, व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. काकूंचं आणि तुमचं खातं वेगळं असेल तर दोघांना वेगळं मिळतं. बाकी रक्कम दोन-तीन बँकांत विभागा, तेवढ्यासाठी रिक्षाचे पैसे गेले तर जाऊ दे.

प्रश्न : मॅडम, चिंचवडला माझी लहान फर्म आहे, मी आणि एक पार्टनर. सात वर्षं केलेलं एक प्रायव्हेट लिमिटेडचं ऑडिट गेलं, नव्याने निम्म्या फीत घेतलं. एनओसीचं पत्र (नव्या ऑडिटरने जुन्याला 'हरकत नाही ना' विचारायचं) आलं तेव्हा कळलं. हे असंच चालणार का? आणि रोटेशनने (ठरावीक वर्षांनी ऑडिटर बदलायच्या सक्तीने) काही फरक पडतो का, की नुसता बाजार हलतो?

उत्तर : निदान एनओसीचं पत्र तरी आलं म्हणायचं, ते न विचारता काम घेतलं तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा मामला होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

निम्म्या फीचं. ऑडिटची फी कशावर ठरते याचा पहिला मोठा अभ्यास डॅन सिम्युनिक यांचा, १९८० चा. कंपनीचा आकार, गुंतागुंत, आणि येणी-स्टॉक यांच्यासारखी धोक्याची कलमं, यांनी फी बऱ्यापैकी समजते. तुमच्या क्लायंटचा आकार एका रात्रीत निम्मा झाला नाही, मग काय निम्मं झालं? एक तर तास, नाहीतर नवीन माणूस पहिल्या वर्षी खिशातून घालतोय. दुसऱ्या प्रकाराला लो-बॉलिंग म्हणतात आणि त्याच डिअँजेलो बाईंनी त्याच वर्षी त्याच्यावरही लिहिलं. त्यांचं म्हणणं लोक अर्धवट सांगतात. पहिल्या वर्षीची स्वस्त फी ऑडिटरला मिंधं करते असं त्या म्हणत नाहीत, ते पैसे तर गेलेच. पुढची आठ-नऊ वर्षं हे काम आपल्याकडेच राहणार, त्यात भरपाई होणार, ही जी आशा आहे ती मिंधं करते. माझ्या सरांना गुळाच्या वेळी तेच दिसत असणार, पुढच्या वर्षीचं बिल.

मोठ्या फर्मबद्दल त्यांचा तर्क उलटा होता, एका क्लायंटपायी बाकी शंभरांचा विश्वास घालवायला मोठी फर्म तयार होणार नाही, म्हणून मोठी ती बरी. आणि मग अमेरिकेत एन्रॉन कंपनीचा घोटाळा आला. तिचे ऑडिटर आर्थर अँडरसन, मोठी फर्म. आर्थर अँडरसनला २००० साली एन्रॉनकडून ५ कोटी २० लाख डॉलर मिळाले होते, त्यातले निम्म्याहून जास्त सल्ल्याचे. अख्ख्या फर्मच्या हिशोबात ते थोडे असतील हो, पण ह्यूस्टनच्या ऑफिसात जो पार्टनर बसलाय त्याच्या हिशोबात नव्हेत. फर्म मोठी असते, सही करणारा माणूस एकटाच असतो. आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यात ऑडिटरने कुठली दुसरी कामं करायची नाहीत त्याची यादी आहे, कलम १४४, ती याच शहाणपणातून.

रोटेशनचं, कलम १३९. लिस्टेड (शेअर बाजारात नोंदलेल्या) आणि ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना एकटा ऑडिटर असेल तर ५ वर्षं, फर्म असेल तर ५-५ च्या दोन टर्म, मग ५ वर्षं सुट्टी. प्रायव्हेट कंपनीला ५० कोटींच्या भरणा भांडवलाची किंवा तेवढ्या कर्ज-ठेवींची मर्यादा आहे, म्हणजे तुमच्या क्लायंटला बहुधा लागूच नव्हतं, त्याने तुम्हाला स्वस्ताईसाठीच सोडलं, वाईट वाटून घेऊ नका. संशोधनात रोटेशनचा निकाल एकमुखी नाही. नवीन माणूस नव्या डोळ्यांनी बघतो हे खरं आणि पहिली एक-दोन वर्षं त्याला धंदाच कळत नाही हेही खरं. माझं मत विचाराल तर माणूस बदलून उपयोग थोडा, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी हे जोवर तसंच आहे तोवर नवीन माणूसही टाळीच वाजवणार, फक्त हात वेगळे.

हे नुसतं मत नाही. आपल्या शेजारीच गुजरातमध्ये याचा प्रयोग झालाय, पैशांच्या ऑडिटवर नाही, प्रदूषणाच्या. तिथे कारखान्यांना दरवर्षी त्रयस्थ ऑडिटरकडून धूर-पाणी तपासून घ्यावं लागायचं, ऑडिटर कारखान्याने निवडायचा, पैसे कारखान्याने द्यायचे. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या प्रदूषण मंडळाबरोबर अहमदाबाद-सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर वेगळी पद्धत लावून बघितली. काही कारखान्यांना ऑडिटर चिठ्ठी टाकून नेमला, फी ठरावीक आणि एका सामायिक निधीतून, आणि थोड्या ठिकाणी मागाहून दुसरा माणूस जाऊन तेच माप पुन्हा घेऊन यायचा. २०१३ मध्ये निकाल छापले. जुन्या पद्धतीत धुरातल्या कणांची मापं मर्यादेच्या, म्हणजे १५० च्या, जरासं खाली येऊन गर्दी करून बसलेली, जशी आपल्याकडे पाच हजारांच्या वर दोन सह्या लागतात म्हटलं की ४,९०० ची बिलं गर्दी करतात ना, डिट्टो. नव्या पद्धतीत मर्यादेच्या वर असलेलं माप खाली दाखवायचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं. आणि मला सगळ्यात आवडतं ते पुढचं, कारखान्यांनी खरंच प्रदूषण कमी केलं. ऑडिटर त्याच धंद्यातले, यंत्रं तीच.

कंपन्यांच्या ऑडिटला हे उचलून लावता येईल का? सोपं नाही, मोठ्या ग्रुपचं ऑडिट चिठ्ठीत निघालं तर तुमची-माझी दोन पार्टनरची फर्म काय करणार. पण सोसायट्यांना, पतसंस्थांना? पॅनल आहेच, सहकार आयुक्तांचं ऑफिस इथे पुण्यातच आहे, चिठ्ठी टाकायला एक बरणी लागते. सध्या पॅनलमधून निवडतं कोण, तर ज्याचं ऑडिट व्हायचं तीच संस्था.

प्रश्न : मी एमकॉम केलंय, पीएचडीला 'ऑडिट क्वालिटी' विषय घ्यायचाय. १०० सीएंना प्रश्नावली दिली तर चालेल का?

उत्तर : चालेल, गाईडही खूश होतील, आणि त्यातून एवढंच निघेल की १०० सीएंना स्वतःची क्वालिटी चांगली वाटते. त्यापेक्षा कागद बघ. २०१८-१९ पासून लिस्टेड कंपन्यांच्या ऑडिट रिपोर्टमध्ये 'की ऑडिट मॅटर्स' (त्या वर्षीच्या ऑडिटमधले सगळ्यात महत्त्वाचे मुद्दे) लिहावी लागतात, एसए ७०१ खाली. पुण्यातल्या वीस-पंचवीस लिस्टेड कंपन्या घे, वार्षिक अहवाल फुकट मिळतात, आणि दर वर्षी तोच मजकूर कॉपी होतो का, ऑडिटर बदलला की मजकूर बदलतो का ते बघ. सोसायट्यांकडे वळायचं असेल तर दोषदुरुस्ती अहवाल, म्हणजे ओ फॉर्म, तोच दोष किती वर्षं 'दुरुस्त केला' म्हणून लिहून येतो ते बघण्यासारखं आहे. गणेशखिंड रस्त्यावर वैकुंठ मेहता संस्था आहे, सहकारावर काम करायचं तर तिथे आधी चक्कर मार.

प्रश्न : एआय आल्यावर ऑडिटर लागतील का?

उत्तर : दोन हजार व्हाउचर मशीन एका मिनिटात बघेल, ४१-४२-४३ पण पकडेल, बिलबुक कुणाच्या घरात आहे ते सांगणार नाही. कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून कोणी कधी काय एंट्री बदलली याची नोंद ठेवणारंच सॉफ्टवेअर लागतं, ते मला एआयपेक्षा कामाचं वाटतं. सोसायटी कंपनी नसल्याने तिला ही सक्ती नाही, पण टॅलीत ती सोय आहे, चालू करून टाका.

प्रश्न : (पुन्हा धायरीचे खजिनदार, रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅप) मॅडम एक राहिलं, ऑडिटरला पोहे द्यायचे की नाही मग?

उत्तर : द्या हो. दिवाळीला चांदीची वाटी नको, पोहे चालतात. व्हाउचर मात्र करा, आणि ते त्यांच्या साठात निघालं तर मला कळवा.